प्रणयच्या नावावरचं हृदय

रुचिता घरतला शांत बसलेली पाहिलीय असं शपथेवर सांगणारा माणूस बेलखारमध्ये शोधून सापडायचा नाही. जेवताना तिचा एक पाय हलत असतो. फोनवर बोलताना ती अंगणात येरझाऱ्या घालते, आणि बोलणं लांबलं तर नाक्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन परत येते. तिचे वडील दयाराम म्हणायचे, "आमचे बायच्या पायाला भिंगरी हाय. बसवायची तर खांबाला बांधावी लागंल." अशा पोरीनं दहा-बारा वर्षं खुर्चीत बसून डॉक्टरकीचा अभ्यास कसा केला, ते तिचं तिलाच ठाऊक. पण केला. आधी साधी डॉक्टर झाली, मग हृदयाची डॉक्टर झाली. तिथं थांबली असती तर गावानं कौतुक करून विषय मिटवला असता. पण थांबेल ती रुचिता कसली? ती खेळाडूंच्या हृदयाची डॉक्टर झाली.

आता खेळाडूंच्या हृदयाला काय धाड भरलीय, असं जो तो विचारायचा. म्हातारे खोकतायत, बायका गुडघे धरून बसल्यात, आणि ही कुणाला तपासणार, तर उड्या मारणाऱ्या पोरांना. रुचिता सांगून सांगून थकली होती. रोज घाम गाळणाऱ्याचं हृदय मोठं होतं, त्याच्या भिंती थोड्या जाड होतात, ते चांगलंच. पण एखाद्याची भिंत जन्मापासूनच्या दोषानं जाड होत जाते, आणि वरून तो माणूसही तितकाच धडधाकट दिसतो. दम लागत नाही, दुखत नाही, काही नाही. आणि एके दिवशी धावता धावता हृदय बंद पडतं. कमावलेली जाडी कुठली आणि घातकी कुठली, हे ओळखायला शिकायचं म्हणून ती वर्षभर इटलीत राहून आली. परत आल्यावर नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलनं तिला गुरुवारची दुपार दिली. त्या दुपारी यायचे ते मनगटावर महागडी घड्याळं बांधून मॅरेथॉन पळणारे साहेब लोक. तिला हवी होती ती पोरं कधीच यायची नाहीत. ज्याला काही होत नाही तो डॉक्टरकडे कशाला जाईल?

या सगळ्याचं मूळ किशोरीत आहे. किशोरी ही रुचिताची शाळेतली मैत्रीण, खो-खोच्या संघातली. दहावीच्या वर्षी जिल्ह्याचे सामने अलिबागला होते. करंज्याहून लाँचनं रेवसला जाताना किशोरीनं स्वतःचे वडापाव खाल्ले आणि रुचिताचेही खाल्ले. दुपारच्या सामन्यात रुचिता पाठलागावर होती. धावत आली आणि किशोरीच्या पाठीवर थाप मारून तिला खो दिला. किशोरी उठली, चार पावलं धावली आणि तोंडावर पडली. मग काय, सगळं मैदान गोळा झालं. एकानं कांदा फोडून नाकाला लावला, दुसऱ्यानं चप्पल हुंगवली, सर सरबत शोधत फिरले. कांदा लगेच मिळाला, गाडी मात्र मिळाली नाही. छाती दाबायची असते हे त्या मैदानावर एकालाही माहीत नव्हतं. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले आणि प्रकरण मिटलं. रुचिताचं मिटलं नाही. आपण थाप मारली आणि ती गेली, हे तिच्या डोक्यातून गेलंच नाही. डॉक्टर झाल्यावर तिला समजलं की थापेचा काही संबंध नव्हता. पण समजणं वेगळं आणि सुटणं वेगळं. आजही ती कुणाच्या पाठीवर शाबासकी देत नाही.

तर अशी ही रुचिता ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक यंत्र गाडीत घालून बेलखारला आली. गावदेवी क्रीडा मंडळाच्या पोरांची हृदयं तपासायची होती तिला. आमच्याकडे कबड्डी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. मिठागरं गेली, त्या जागी कंटेनरची यार्डं आली, पोरं शेतावरून ट्रेलरवर गेली, पण संध्याकाळी मैदानावर सगळी हजर. मंडळाचा कारभार रंगूदादाकडे. रंगूदादा एकेकाळचा नावाजलेला खेळाडू. पकडीत मोडलेलं त्याच्या डाव्या हाताचं बोट अजून वाकडंच आहे. दयारामची पोरगी म्हणून त्याला नाही म्हणता येईना, पण मनातून तो खूश नव्हता. पोरांत आधीच कुजबुज सुरू झाली होती, की डॉक्टरीण कायतरी खोट काढते आणि खेळ बंद करते.

सगळ्यात जास्त घाबरला होता प्रणय ठाकूर. प्रणय हा गल्लीतल्या येसूबाईचा मुलगा, संघाचा हुकमी चढाईपटू. मुंबईच्या एका मोठ्या संघानं त्याला निवड चाचणीला बोलावलं होतं, आणि अख्ख्या गावाचा जीव त्या चाचणीत अडकला होता. हे सगळं रुचिताला ऐकून माहीत. प्रणयला तिनं शेवटचं पाहिलं ते तो चड्डी सावरत गोट्या खेळायचा तेव्हा.

शाळेच्या एका वर्गात बाकं जोडून पलंग केला, खिडक्यांना चादरी लावल्या. हृदयाची सोनोग्राफी करताना माणसाला डाव्या कुशीवर झोपवतात. रुचिताची सवय अशी, की ती पाठीमागे बसते, पोराच्या अंगावरून हात पुढे घालते आणि छातीवर यंत्राची मूठ टेकवते. पोराचं तोंड भिंतीकडे, तिचे डोळे पडद्यावर. मदतनीस नाव पुकारणार, एक पाठ येऊन आडवी होणार, दुसरी उठून जाणार. मातीत घासलेल्या, ओरखडे उठलेल्या पाठी. सकाळपासून तिनं एकाचाही चेहरा धड पाहिला नव्हता. तिला घाई होती. तिला कायमच घाई असते.

"प्रणय ठाकूर," मदतनीसानं हाक दिली. पाठ येऊन आडवी झाली. रुचितानं मूठ टेकवली, आणि खुर्चीखाली हलणारा तिचा पाय थांबला. हृदयाच्या मधली भिंत पडद्यावर आली होती आणि ती भलतीच जाड होती. तिनं मोजली. एकोणीस मिलिमीटर. परत मोजली. कमावलेल्या हृदयाची भिंत इतकी जाड होत नाही. पण आवाज तिनं साधा ठेवला.

"खेळताना कधी चक्कर येते?"

"नाय," पाठ म्हणाली.

"घरात कुणाला हृदयाचा त्रास? कुणी अचानक गेलंय?"

यावर पाठ जरा थांबली. मग म्हणाली, "मना माहीत नाय."

ज्याला नसतो तो नाही म्हणतो, ज्याला असतो तो सांगतो. माहीत नाही म्हणणारा थांबतो कशाला? हा प्रश्न रुचिताच्या मनात यायला हवा होता. आला नाही. हे पोराला असं एकट्याला सांगायचं नाही, आईसमोर सांगायचं, एवढंच तिनं ठरवलं आणि ती म्हणाली, "उद्या संध्याकाळी आईला घेऊन घरी ये." आणि सवयीनं पुढं म्हणाली, "पुढचा."

दुसऱ्या दिवशी येसूबाई आणि प्रणय आले. रुचितानं कागदावर चित्र काढून समजावलं. कबड्डी बंद, धावणं बंद, जड उचलायचं नाही, आणि पुढचे उपचार ती स्वतः बघेल. येसूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग पदर खोचला.

"आगो रुचिता, आमचे पोराचा खेल बंद करून तुना काय मिलला? तू परदेशात शिकलीस, तुजा नाव झाला. आता माज्या पोराचा व्हायचा वखत आला त तू आडवी आलीस."

रुचितानं मान खाली घातली. तिला वाईट वाटलं, आणि एका गोष्टीचं नवलही वाटलं. आई रडत होती, पण पोरगा निवांत होता. बोटं मोडत बसला होता आणि मधूनच गालात हसत होता. वय आहे, मरणाची भीती कुठली असणार, असं तिनं मनाला समजावलं.

मग गावानं तिच्या डोक्यावर मिरे वाटले. दयाराम टपरीवर चहाला गेले की कुणीतरी ऐकवायचंच, "काय दयारामशेट, पोरीनं गावचा खेळाडू खाल्ला." दयाराम बिचारे चहा अर्धा टाकून घरी यायचे आणि काही बोलायचे नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्यानं रुचिता जास्तच बेचैन व्हायची. ती हॉस्पिटलला जायची, यायची, पण तिचं लक्ष कशात लागत नव्हतं. वाटायचं, पोरगं लपून खेळत तर नसेल? ट्रेलरवर चढताना पडलं तर?

आठवडा सरता सरता मंडळाची पोरं अंगणात येऊन उभी राहिली. पुढे रंगूदादा, त्याच्या मागे प्रणय. रंगूदादानं एक लिफाफा पुढे केला. प्रणयला त्यांनी पनवेलला दुसऱ्या डॉक्टरकडे नेऊन तपासून आणलं होतं. हृदय अगदी साफ, दोष काही नाही.

"आगो डॉक्टरीणबाय, तुजा मशीन बिघरलाय," रंगूदादा म्हणाला. "दुरुस्त करून आन. तोपर्यंत गावातले म्हशी तपास, त्या काय बोलनार नाय."

पोरं खदखदून हसली. रुचिता चांगलीच तोंडघशी पडली होती. दयाराम दारात उभे होते, ते आत निघून गेले. थोड्या वेळानं ती आत आली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बाय, चुकलीस का गो?" हा प्रश्न तिला त्या सगळ्या हसण्यापेक्षा जास्त लागला.

ती रात्र तिनं कशीबशी काढली. सकाळी पनवेलच्या तपासणीची चित्रं आणि स्वतःची चित्रं तिनं शेजारी शेजारी ठेवली. एकात भिंत एकोणीस, दुसऱ्यात दहा. ती घरभर फिरली, परत येऊन बघितलं. पुन्हा फिरली. आपण चुकलो असं मानायला तिची तयारी होती, चुका होतात. पण हे मोजण्यातलं चुकणं नव्हतं. इथं झडपेची ठेवण वेगळी होती, हृदयाचा बाक वेगळा होता, सगळंच वेगळं होतं. माणूस आठ दिवसांत दाढी वाढवू शकतो, वजन घटवू शकतो. हृदय नवं करू शकत नाही. ही दोन वेगळ्या माणसांची हृदयं होती.

प्रणयची निश्चिंती, ते गालातलं हसणं, सगळं एका क्षणात उलगडलं. वर्गात बाकावर प्रणय नव्हताच, त्याच्या नावावर दुसरंच कुणी आडवं झालं होतं. आणि ते दुसरं कोण, हे तिला माहीत नव्हतं, कारण तिनं पाठीपलीकडे बघितलंच नव्हतं. त्या पोराच्या छातीत एकोणीस मिलिमीटरची भिंत होती, आणि रविवारी मंडळाचा सामना होता.

तिनं रंगूदादाला फोन लावला. "दादा, त्या दिवशी प्रणयच्या जागी कोण आलं होतं?"

तो म्हणाला, "आमची पोरा खोटा बोलनार नाय."

"मी तक्रार नाही करत. मला फक्त नाव सांगा. त्या पोराच्या जिवाशी खेळ आहे."

"आगो पन कोनी नव्हताच त नाव कोनाचा सांगू?" असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

यातली ग्यानबाची मेख अशी, की आमच्याकडे एकाच्या नावावर दुसऱ्यानं उभं राहणं ही नवी गोष्ट नाही. वजनी गटाचे सामने असतात. समजा पासष्ट किलोंचा गट आहे आणि चांगला खेळाडू दोन किलो वर भरतोय. मग त्याच्या नावावर हलका पोरगा काट्यावर चढतो, आणि खेळायला मूळचा उतरतो. सगळी मंडळं हे करतात, सगळ्यांना माहीत असतं, आणि पकडलं गेलं तर जिल्हा संघटना मंडळाला वर्षभर बाहेर बसवते. म्हणून सगळे मूग गिळून बसतात. प्रणय तपासणीला घाबरला तेव्हा त्यांना हाच जुना उपाय सुचला, यात नवल काही नाही. त्यांच्या हिशेबी डॉक्टरीण काय आणि वजनकाटा काय, सारखंच.

रुचितानं दोन दिवस घरोघर फिरून पोरांना परत तपासायला बोलावलं. एक आला नाही. कुणी ट्रेलर घेऊन गेला होता, कुणी आजोळी, कुणी दार उघडून नुसताच हसला. तिचा जीव टांगणीला लागला होता. कधीही फोन वाजेल आणि कुणीतरी सांगेल, पोराला ऊन लागलं.

रविवारी सकाळी ती शेजारच्या गावातल्या मैदानावर गेली. सोबत स्टेथोस्कोप आणि बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. मैदान शिंपून ठेवलं होतं, मंडपात भोंगा सुरू होता, खेळाडूंची वजनं चालली होती. रुचिता काट्याशेजारी जाऊन उभी राहिली. तिथं आधीच दाटी होती, पण तिला कुणी हटकलं नाही. डॉक्टरबाई म्हणून एकानं खुर्चीही दिली. ती बसली नाही अर्थात.

तिला पाहून रंगूदादाचा चेहरा पडला. त्यानं प्रणयला बाजूला घेतलं. प्रणयनं आदल्या दिवसापासून पाणी तोडलं होतं, वजन गटात बसेल असं दिसत होतं, तेव्हा आज लबाडी नको, तूच चढ, असं काहीतरी तो सांगत असणार. बेलखारची रांग पुढे सरकली. टेबलावरच्या माणसानं पुकारलं, "प्रणय ठाकूर."

प्रणय पाऊल टाकणार एवढ्यात त्याच्या मागून एक सडपातळ, उंच पोरगा पुढे झाला आणि सरळ काट्यावर चढला. "प्रणय ठाकूर," तो मोठ्यानं म्हणाला. टेबलावरच्या माणसानं काट्याकडे बघितलं, कागदावर खूण केली आणि मान वर न करताच म्हणाला, "पुढचा."

रुचितानं टेबलाकडे बघितलं. तोच शब्द, तोच तिचा स्वतःचा स्वर. प्रणय आ वासून उभा होता, रंगूदादानं कपाळावर हात मारला होता. आणि काट्यावरून उतरलेला पोरगा कुणाकडेही न बघता फक्त तिच्याकडे बघत होता.

"इकडे ये," ती म्हणाली. तो मुकाट्यानं मंडपाच्या मागे आला. "नाव काय तुझं? खरं."

"फैझान." तो खाडीपलीकडच्या वाडीतला, मंडळाकडून खेळायला येणारा. तपासणीच्या यादीत फक्त बेलखारची पोरं होती, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या नावानं त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

"उकिडवा बस," रुचिता म्हणाली. तिनं त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोक्यांच्या मध्ये एक बारीक सुसकारा होता. "आता ऊठ." तो उभा राहिला आणि सुसकारा मोठा झाला. जाड भिंतीच्या आजारात असंच होतं. दुसऱ्या कशाची गरज नव्हती. "त्या दिवशी वर्गात तूच होतास."

"व्हय."

रंगूदादा धावत मागे आला. आधी तो रागावलेला होता, मग त्यानं रुचिताचा चेहरा पाहिला आणि त्याचा राग जागच्या जागी विरला. "खरा हाय?" त्यानं विचारलं.

"खरं आहे, दादा. हा खेळला तर मैदानावरच याचा जीव जाऊ शकतो. आजही."

रंगूदादा वाळूच्या ढिगावर बसला. बराच वेळ तो आपलं वाकडं बोट चोळत राहिला. "मीच पाठवला त्याला," तो म्हणाला. "आख्ख्या टीममदी याच्यावानी दमाचा कालीज कोनाचा नाय. म्हटला, याला पाठवला त रिपोट एक नंबर येल." मग तो उठला, टेबलाकडे गेला आणि आपण होऊन सांगून आला की बेलखारच्या एका खेळाडूचं वजन चुकीच्या माणसाचं झालंय, मंडळ माघार घेतंय. पोरं त्याच्यावर तुटून पडली, प्रणय तर रडकुंडीला आला. शिंपलेल्या मातीवर दुसरेच दोन संघ उतरले.

रुचिता आणि फैझान मैदानाच्या कडेला बदामाच्या झाडाखाली बसले. हो, बसले. तिला उठवत नव्हतं, कारण तो उठत नव्हता.

"कदीच नाय, मॅडम?" त्यानं विचारलं.

"कबड्डी नाही. कधीच नाही." ह्याहून मऊ शब्द तिला सापडला नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराकडून त्याची सगळ्यात आवडती गोष्ट आपण काढून घेतोय, हे तिला कळत होतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटत होतं. हाच तिचा धंदा होता. किशोरीला कुणी असं सांगितलं असतं तर किशोरीनं सांगणाऱ्याला जन्मभर शिव्या घातल्या असत्या, आणि त्या ऐकायला रुचिताला फार आवडलं असतं.

"काट्यावर का चढलास? प्रणय तर स्वतः चढत होता."

फैझान खाली बघत म्हणाला, "आठ दिवस झोप नाय. सगले तुमाला हसत होते, मशीन बिघरलाय बोलत होते. मी पन हसलो. पन मशीन माझे छातीवर होती ना, मॅडम. रंगूदादाला बोललो, तो बोलला पनवेलचा रिपोट साफ आला म्हणजे तुझा पन साफ. आता नाव सांगितला त सगल्यांचा खेल जानार. मग आज तुमी काट्याजवल उभ्या दिसल्या. मी मनात बोललो, हिच्या समोर चढतो. त्या दिवशी तुमी बघितला नाय. आज बघाल."

रुचितानं त्याच्याकडे नीट बघितलं. उजव्या भुवईवर जुनी खूण, वरच्या ओठावर नुकतीच फुटलेली मिशी, डोळे झोप न झाल्यानं लाल. हा चेहरा आठ दिवसांपूर्वी एक मान वळवली असती तर दिसला असता.

मैदानावर कुणीतरी गडी बाद केला, भोंगा वाजला. रुचितानं त्या दिवशी अर्धवट राहिलेला प्रश्न परत विचारला. "मी तुला विचारलं होतं, घरात कुणी अचानक गेलंय का. तू थांबलास."

"तेवा मी प्रणय होतो. त्याचे घरातला मना काय माहीत?" तो म्हणाला. "माझे घरात अब्बा. सिराजुद्दीन नाव. होडीवर जालं ओढता ओढता पडले. चालीसचे पन नव्हते."

"काय झालं होतं?"

"ऊन लागला, असं सगले बोलले."

हे दुखणं रक्तातून येतं. बापाकडून आलं असेल तर ते एकाच लेकरापाशी थांबतं असं नाही. रुचितानं विचारलं, "तुला भाऊ-बहीण?"

"एक बहीण. निदा. नववीत हाय." इतक्या वेळात फैझान पहिल्यांदा हसला. "ती पलते, मॅडम. शालेत तिच्या पुढं कोन नाय. मीच पलवतो तिला, रोज सकाली बांदावर. आता मी गेलो नाय तरी ती एकटी पलत असल."

रुचिता उठली. गाडीची चावी तिच्या हातात कधी आली तिलाही कळलं नाही. "चल," ती म्हणाली, "घर दाखव."

खाडीकडच्या कच्च्या रस्त्यानं गाडी आपटत गेली. फैझान विचारत राहिला की अम्मीला काय सांगायचं, आणि रुचिता म्हणत राहिली, मी सांगेन. दोन्ही बाजूंना जुनी मिठागरं कोरडी पडली होती. त्याची अम्मी, फरिदा, दारात बोंबील निवडत बसली होती. मुलगा सामना सोडून डॉक्टरीणबाईला घेऊन आलेला बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. रुचितानं तिला नमस्कार केला आणि विचारलं, "निदा कुठं आहे?"

फरिदानं बांधाकडे हात केला.

बांध लांबलचक होता. त्याच्या पार टोकाला एक बारीक पोरगी पाठमोरी, कमरेवर हात ठेवून दम खात उभी होती. फैझाननं सवयीनं तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. पोरगी वळली. भाऊ इतक्या लवकर परत आला हे बघून तिला इतका आनंद झाला, की ती तिथूनच धावत सुटली. काय सुंदर पळत होती. रुचितानं आयुष्यात खूप धावपटू पाहिले होते, पण असं हलकं पाऊल क्वचितच.

रुचिताला तिच्याकडे धावत जावंसं वाटलं. पण आपण धावलो तर ती अजून जोरात धावेल. म्हणून ती जागच्या जागी उभी राहिली, दोन्ही तळवे पुढे धरून, अजिबात न हलता. पोरीचा चेहरा आता तिला स्पष्ट दिसत होता.

"निदा," ती म्हणाली, "चालत ये, बाय. हळू चालत ये."